चेतासंस्थेची कार्यपद्धती आणि आपल्या व्यवहारातील पाच द्रव्ये

प्रास्ताविक

वत्सनाभ, धत्तूर, कुचला, सर्पगंधा आणि कपिकच्छू ही पाच द्रव्ये, स्वतंत्रपणे वा कल्पांच्या रूपाने, ज्याच्या कपाटात नाहीत असा वैद्य किंवा औषध विक्रेता विरळाच. त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव, कनकासव, अग्नितुंडी, विषतिंदुक वटी, सर्पगंधा घनवटी, कपिकच्छू चूर्ण ही नावे आपल्या रोजच्या बोलण्यातील आहेत. या पाचही द्रव्यांचे मुख्य वीर्यवान घटक चेतासंस्थेवर कार्य करतात. मात्र प्रत्येकाचे कार्यस्थान निराळे आहे. एक संदेशाच्या वहनावर, दुसरे संदेश ग्रहण करण्यावर, तिसरे संदेशाला लगाम घालण्यावर, चौथे साठ्यावर आणि पाचवे उत्पादनावर. म्हणजेच ही पाच द्रव्ये क्रमाने समजून घेतली की चेतासंस्थेची मूलभूत कार्यपद्धतीच समजून घेतल्यासारखे होते.

पदवी अभ्यासक्रमात क्रियाशारीर, द्रव्यगुण आणि अगदतंत्र हे विषय आपण वेगवेगळे शिकतो. परीक्षा संपते आणि या तिन्हींची सांगड घालायची राहून जाते. आज आपल्याकडे येणारा वृद्ध रुग्ण बहुधा तीन-चार आधुनिक औषधेही घेत असतो. अशा वेळी ही सांगड नसेल तर रुग्णाला अपाय होतो आणि दोष मात्र संपूर्ण शास्त्राच्या माथी येतो. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, आपल्याच द्रव्यांच्या आधाराने या विषयाची उजळणी व्हावी आणि व्यवहारात कोठे सावध राहावे हे स्पष्ट व्हावे.

परिभाषेविषयी थोडेसे

मराठीत ‘मज्जासंस्था’, ‘मज्जातंतू’, ‘मज्जारज्जू’ हे शब्द रूढ आहेत. त्यामुळे पुष्कळदा आयुर्वेदोक्त मज्जाधातूशी त्यांची गल्लत होते. अस्थींच्या पोकळीत असणारा मज्जाधातू आणि मेंदू-पाठीचा कणा यांतील चेतापेशींचे जाळे या भिन्न गोष्टी आहेत. सुश्रुतांनी मस्तकातील मृदू द्रव्यास मस्तुलुंग ही स्वतंत्र संज्ञा वापरली आहे. चरकांनी शिरास उत्तमांग म्हटले, प्राण आणि इंद्रिये तेथे आश्रित असल्याचे सांगितले. भेलाचार्यांनी मनाचे स्थान शिर आणि तालू यांच्यामध्ये मानले. हे सर्व आपल्या परंपरेत आहेच. तथापि ‘वात म्हणजे चेतातंतूंतील विद्युत् प्रवाह’ असे समीकरण मांडण्याचा मोह टाळावा, असे आम्हांस वाटते. वात ही त्याहून कितीतरी व्यापक कार्यकारी संकल्पना आहे आणि अशा समीकरणाने दोन्ही शास्त्रांवर अन्याय होतो. या लेखात आम्ही ‘चेतासंस्था’ व ‘चेतापेशी’ हे शालेय पाठ्यपुस्तकांतील शब्द योजले आहेत.

चेतासंस्थेची स्थूल रचना

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम असते. शरीराच्या वजनाच्या मानाने ते केवळ २ टक्के; परंतु विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. मेंदूतून १२ आणि पाठीच्या कण्यातील चेतारज्जूतून ३१ अशा चेतांच्या जोड्या निघतात. हृदय, आतडी, मूत्राशय, डोळ्यांतील बाहुल्या यांचे आपल्या इच्छेविना चालणारे नियंत्रण स्वायत्त चेतासंस्था करते. तिच्या अनुकंपी आणि परानुकंपी अशा दोन शाखा परस्परांना तोलून धरतात.

मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, असे २००९ साली ब्राझीलमधील संशोधकांनी केलेल्या मोजणीतून दिसून आले. तोपर्यंत १०० अब्ज हा आकडा पुस्तकांतून सर्रास दिला जात असे. या पेशींना आधार देणाऱ्या, त्यांचे पोषण करणाऱ्या सहायक पेशींची संख्याही जवळपास तेवढीच आहे.

चेतापेशी सुट्या आहेत की संपूर्ण चेतासंस्था हे एकच अखंड जाळे आहे, हा एकोणिसाव्या शतकातील मोठा वाद होता. इटलीतील कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ साली चेतापेशी काळ्या रंगात ठळक दिसतील अशी रंजनपद्धती शोधली. तीच पद्धती वापरून स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र असल्याचे प्रतिपादन केले. गॉल्जींना ते मान्य नव्हते. १९०६ साली नोबेल पारितोषिक मात्र दोघांना मिळून देण्यात आले. काळाने काहाल यांच्या बाजूने निर्णय दिला. पेशी स्वतंत्र असतील तर एकीकडून दुसरीकडे संदेश कसा जातो, हा पुढचा प्रश्न होता, आणि आपली पाचही द्रव्ये याच प्रश्नाशी निगडित आहेत.

१. संदेशाचे वहन : वत्सनाभ

चेतापेशीचे तीन भाग असतात. संदेश घेणाऱ्या आखूड शाखा, पेशीचा मध्यभाग आणि संदेश पुढे नेणारा एक लांब तंतू. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा असा एकच तंतू सुमारे एक मीटर लांब असू शकतो.

विश्रांतीत असलेल्या चेतापेशीच्या आतील बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट इतकी ऋणभारित असते. पेशीच्या पटलातील एक पंप सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो व पोटॅशियमचे २ आत घेतो. हे काम अहोरात्र चालते आणि मेंदूच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा यातच खर्ची पडतो. संदेश आला की पटलातील सोडियमची दारे उघडतात, सोडियम आत घुसतो आणि विद्युत्भार क्षणभर उलटा होतो. सुमारे एक सहस्रांश सेकंदात ती दारे आपोआप बंद होतात, पोटॅशियम बाहेर जातो आणि पेशी पूर्वस्थितीवर येते. हीच क्रिया तंतूवरून पुढे पुढे सरकत जाते. इंग्लंडच्या हॉजकिन व हक्स्ली यांनी १९५२ साली माकुळाच्या जाड तंतूवर प्रयोग करून तिचे गणित मांडले. ज्या तंतूंवर मायलिनचे स्निग्ध वेष्टन असते त्यांतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने धावतो; वेष्टन नसलेल्या मंद वेदनावाहक तंतूंत हाच वेग एक-दोन मीटरवर येतो. ठेच लागताच प्रथम तीव्र कळ आणि मागाहून ठसठस जाणवते, त्याचे कारण हेच.

आता वत्सनाभाकडे वळू. त्यातील अॅकोनिटिन हे द्रव्य नेमके या सोडियमच्या दारांना चिकटते आणि ती बंद होऊ देत नाही. दार उघडे राहिल्याने पेशी प्रथम अतिउत्तेजित होते व नंतर काम करेनाशी होते. म्हणून विषबाधेची सुरुवात ओठ, जीभ आणि बोटांची टोके यांना मुंग्या येणे, बधिरता येणे अशी होते. हृदयाच्या पेशींतही सोडियमची अशीच दारे असल्याने पुढचा आघात हृदयावर होतो. नाडी अनियमित होते, रक्तदाब कोसळतो आणि मृत्यू ओढवू शकतो. शुद्ध अॅकोनिटिनची अवघी २ मिलिग्रॅम मात्रा प्राणघातक ठरू शकते. यावर खात्रीचा प्रतिविष उपाय आधुनिक शास्त्रातही नाही. हृदयाच्या आलेखाची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्णाला त्वरित नेणे हाच मार्ग.

येथे शोधनसंस्काराचे महत्त्व लक्षात येते. गोमूत्रात वा गोदुग्धात दीर्घकाळ स्वेदन केल्याने अॅकोनिटिनचे विघटन होऊन त्याहून अनेक पटींनी सौम्य अशी द्रव्ये तयार होतात, हे रासायनिक पृथक्करणातून सिद्ध झाले आहे. आचार्यांनी सांगितलेला हा संस्कार कर्मकांड नसून विषाचे प्रत्यक्ष परिवर्तन आहे. म्हणूनच तो कमी वेळात उरकणे वा केवळ कागदोपत्री दाखवणे हा अक्षम्य अपराध ठरतो. त्रिभुवनकीर्ती घेतल्यावर ‘जिभेला मुंग्या आल्या’ असे रुग्णाने सांगितले तर ते हसण्यावारी नेऊ नये. औषध थांबवावे, नाडी पाहावी आणि त्या खेपेतील औषध बाजूला काढावे.

२. संदेशाचे ग्रहण : धत्तूर

तंतूच्या टोकाशी संदेश पोहोचला की पुढे दुसरी पेशी असते, पण मध्ये सूक्ष्म फट असते. या संधिस्थानाला शेरिंग्टन यांनी १८९७ साली ‘सिनॅप्स’ हे नाव दिले. ही फट विद्युत् ठिणगीने ओलांडली जाते की एखाद्या रसायनाने, याचा निर्णय ऑटो लोवी यांच्या १९२१ मधील साध्याच प्रयोगाने झाला. त्यांनी बेडकाचे हृदय द्रावणात ठेवून त्याच्या व्हेगस चेतेला उत्तेजना दिली. हृदयाची गती मंदावली. मग तेच द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडले, तर त्याचीही गती मंदावली. दुसऱ्या हृदयाच्या चेतेला हातही लावला नव्हता. अर्थात पहिल्या हृदयाच्या चेतेतून एखादे रसायन द्रावणात उतरले असले पाहिजे. ते रसायन म्हणजे अॅसिटिलकोलीन. यासाठी १९३६ साली लोवी आणि हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

असे रसायन म्हणजेच चेतापारेषक. ते फटीतून पलीकडे जाते आणि तेथील ग्राहकस्थानांवर कुलपात किल्ली बसावी तसे बसते. धत्तूरातील अॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्ये अॅसिटिलकोलीनच्या मस्कॅरिनी नावाच्या ग्राहकस्थानांवर जाऊन बसतात, पण कुलूप उघडत नाहीत. फक्त जागा अडवतात. परानुकंपी शाखेचे काम त्यामुळे थांबते. श्वासनलिका सैल होतात, कफाचा स्राव घटतो. कनकासवाचा श्वासरोगातील उपयोग येथे उलगडतो. परंतु त्याच वेळी तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, हृदयगती वाढते, घाम थांबून शरीर तापते, मूत्र अडते आणि मात्रा वाढल्यास रुग्ण भ्रमिष्टासारखा बोलू लागतो.

व्यवहारात याचा अर्थ असा की, श्वासाचा रुग्ण साठीच्या पुढील पुरुष असेल तर कनकासव देण्यापूर्वी मूत्रप्रवृत्तीविषयी अवश्य विचारावे. पौरुषग्रंथी वाढलेली असल्यास मूत्र पूर्णपणे अडण्याचा धोका असतो. काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातील दाब एकाएकी वाढू शकतो. आणखी एक मुद्दा फारसा ध्यानात घेतला जात नाही. अल्झायमर विकारात मेंदूतील अॅसिटिलकोलीन निर्माण करणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट झालेल्या असतात. अशा रुग्णाला देण्यात येणारे डोनेपेझिल हे औषध उरलेसुरले अॅसिटिलकोलीन टिकवून धरते. त्याच रुग्णाला धत्तूरयुक्त कल्प देणे म्हणजे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेणे होय.

३. संदेशाला लगाम : कुचला

सर्व चेतापारेषक उत्तेजक नसतात. गाडीला वेग देणारी यंत्रणा असते तशी थांबवणारीही असावी लागते. मेंदूत हे काम मुख्यतः गॅबा आणि चेतारज्जूत मुख्यतः ग्लायसिन करते. हात दुमडताना पुढचा स्नायू आकुंचित होतो, तेव्हा मागचा स्नायू सैल पडावाच लागतो. तो सैल ठेवण्याची आज्ञा याच शामक पेशी देतात. त्यांच्याविना प्रत्येक लहानसा स्पर्श संपूर्ण शरीराला झटका देऊन जाईल.

कुचल्यातील स्ट्रिक्निन ग्लायसिनच्या ग्राहकस्थानांवर बसून हा लगामच काढून घेते. स्ट्रिक्निन हे १८१८ साली पेलेतिए व काव्हाँतू या फ्रेंच संशोधकांनी वेगळे केले. कुचल्यातील दुसरे द्रव्य ब्रुसिन त्याच्याच कुळातील, पण सौम्य. अल्प मात्रेत प्रतिक्षिप्त क्रिया तीव्र होतात. स्नायूंचा जोम वाढल्यासारखा जो परिणाम वैद्य व रुग्ण यांना जाणवतो, त्याचे स्पष्टीकरण बऱ्याच अंशी येथे मिळते. मात्रा ओलांडली की मान व जबडा ताठरणे, किंचित आवाजानेही दचकणे आणि पुढे धनुष्याप्रमाणे शरीर वाकवणारे झटके येतात. धनुर्वाताचे चित्र असेच दिसते. कारण धनुर्वाताचे विषही ग्लायसिन आणि गॅबा यांचा स्राव रोखते. एकच लगाम दोन ठिकाणी तोडला जातो, एवढाच फरक.

येथे एक भेदलक्षण प्रत्येकाने लक्षात ठेवावे. अपस्माराच्या सर्वांगाला येणाऱ्या झटक्यात शुद्ध हरपते. कुचल्याच्या विषबाधेत विकृती चेतारज्जूत असल्याने रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो आणि प्रत्येक झटका भोगतो. अशा रुग्णाला वमन देण्याचा प्रयत्न करू नये, कारण ती उत्तेजनाच झटका आणते. प्रकाश, आवाज, स्पर्श टाळून त्यास विनाविलंब रुग्णालयात पोहोचवावे. अपस्माराचा इतिहास असलेल्या रुग्णास कुचल्याचे कल्प देऊच नयेत. अग्नितुंडी वटीत कुचला आणि वत्सनाभ दोन्ही असतात. अग्निमांद्यावरील ‘साधी गोळी’ म्हणून ती महिनोन् महिने चालू ठेवणाऱ्या रुग्णांची संख्या कमी नाही, याचा विचार व्हावा.

४. संदेशाचा साठा : सर्पगंधा

चेतापारेषक पेशीत मोकळे फिरत नाहीत. तंतूच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांत ते साठवले जातात आणि संदेश येताच या पिशव्या फटीत रित्या होतात. पिशवीबाहेर राहिलेला डोपामिन, नॉरअॅड्रेनलिन व सेरोटोनिनचा अंश मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर नष्ट करते.

सर्पगंधेची कथा ही भारतीय वैद्यकाच्या अभिमानाची कथा आहे. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि उन्माद यांवरील तिच्या उपयोगाविषयी लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातील द्रव्ये वेगळी करून एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलिन हे नाव दिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात आपला अनुभव मांडला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये रेसर्पिन वेगळे झाले.

रेसर्पिन पिशव्यांत माल भरणारी यंत्रणाच बंद पाडते. पिशव्या रिकाम्या राहतात, बाहेरचा माल विकराकडून नष्ट होतो आणि साठा आटतो. नॉरअॅड्रेनलिन आटल्याने रक्तदाब उतरतो. इतर द्रव्ये आटल्याने मन शांत होते, झोप येते. हा परिणाम गोळी थांबवल्यावर लगेच जात नाही. यंत्रणा पुन्हा उभी राहण्यास दिवसच नव्हे, तर आठवडेही लागतात. म्हणून सर्पगंधेची मात्रा दोन-चार दिवसांत वाढवत नेणे चुकीचे आहे.

साठा आटण्याची दुसरी बाजूही आहे. डोपामिन आटल्याने हालचाली मंदावतात, कंप येतो, चेहरा भावहीन होतो. नाक चोंदणे, नाडी मंद होणे, अम्लपित्त वाढणे हेही आढळते. रेसर्पिनमुळे विषण्णता येते की नाही, याविषयी आजच्या संशोधकांत मतभेद आहेत. तथापि विषण्णतेचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णास सर्पगंधा न देणेच श्रेयस्कर. मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणाऱ्या औषधांबरोबर ती देऊ नये, आणि कंपवाताच्या रुग्णास तर कदापि नाही, मग त्याचा रक्तदाब कितीही वाढलेला असो.

५. संदेशाचे उत्पादन : कपिकच्छू

सर्पगंधेच्या कथेचा उत्तरार्ध कपिकच्छूत आहे. स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ साली रेसर्पिन देऊन सशांना निश्चल केले आणि नंतर त्यांना लेव्होडोपा टोचले. ससे पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिन हे स्वतंत्र चेतापारेषक आहे आणि त्याच्या अभावी हालचाल थांबते, हे या मालिकेतून पुढे आले. २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. कंपवाताच्या रुग्णांत मध्यमेंदूतील कृष्णद्रव्य नावाच्या भागातील डोपामिन बनवणाऱ्या पेशी नष्ट होतात, हेही याच सुमारास स्पष्ट झाले. १९६१ पासून व्हिएन्नात रुग्णांवर लेव्होडोपाचे प्रयोग झाले आणि १९६७ साली कोत्झियास यांनी तोंडावाटे मोठ्या मात्रेत ते यशस्वीपणे वापरले.

हे लेव्होडोपा कपिकच्छूच्या बीजात असल्याचे दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच दाखवले होते. बीजातील त्याचे प्रमाण जातीनुसार व भूमीनुसार बदलते. ते साधारण ३ ते ६ टक्के धरले, तर ५ ग्रॅम चूर्णातून १५० ते ३०० मिलिग्रॅम लेव्होडोपा पोटात जाते. हा आकडा क्षुल्लक नाही.

थेट डोपामिन का देत नाहीत? मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात आणि रक्तातील बहुतेक पदार्थांना अडवतात. डोपामिन हा अडसर ओलांडू शकत नाही. लेव्होडोपा मात्र अमिनो आम्लांच्या वाहकावर स्वार होऊन आत शिरते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. अडचण अशी की, वाटेतच, आतड्यांत व यकृतात, त्याचा मोठा भाग डोपामिनमध्ये बदलतो आणि मळमळ, उलटी घडवतो. म्हणून आधुनिक गोळीत कार्बिडोपा मिसळतात. ते वाटेतील हे रूपांतर रोखते आणि लेव्होडोपाची गरज सुमारे ७५ टक्क्यांनी कमी होते.

यातून तीन व्यावहारिक निष्कर्ष निघतात. पहिला, जो रुग्ण अगोदरच कार्बिडोपायुक्त गोळी घेत आहे, त्याला कपिकच्छू दिल्यास गोळीतील कार्बिडोपा कपिकच्छूमधील लेव्होडोपाचेही रक्षण करते. त्यामुळे निरोगी माणसाला सहज सोसणारी मात्रा अशा रुग्णात अनावर हालचाली, भास आणि उभे राहताच रक्तदाब घसरणे असे परिणाम घडवू शकते. दुसरा, केवळ कपिकच्छू घेणाऱ्यास त्याच वेळी जीवनसत्त्व ब-६ ची गोळी चालू असेल तर वाटेतील रूपांतर वाढून परिणाम घटतो. तिसरा, प्रथिनयुक्त भरपूर जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घेतल्यास अमिनो आम्ले त्याच वाहकासाठी स्पर्धा करतात. कंपवातात हा भेद स्पष्ट जाणवतो.

२००४ साली लंडनमध्ये कंपवाताच्या ८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात ३० ग्रॅम कपिकच्छू कल्पाचा परिणाम सुमारे ३५ मिनिटांत, तर २०० मिलिग्रॅम लेव्होडोपा व ५० मिलिग्रॅम कार्बिडोपाचा परिणाम सुमारे ६९ मिनिटांत दिसू लागला. रुग्णसंख्या अत्यल्प असली तरी निष्कर्ष आशादायक आहे. पण त्याचा अर्थ ‘इंग्रजी गोळ्या बंद करा’ असा कोणी घेऊ नये. लेव्होडोपा एकाएकी थांबवल्यास तीव्र ज्वर, स्नायूंचा काठिण्यभाव आणि प्राणसंकट ओढवू शकते. कपिकच्छू निरुपद्रवी आहार आहे, हा समजही खरा नाही. १९८९ साली मोझांबिकमध्ये अन्नटंचाईच्या काळात तिच्या बिया पुरेशा न शिजवता, शिजवलेले पाणी न टाकता खाल्ल्याने अनेकांना तीव्र उन्माद झाल्याची नोंद आहे. वाजीकरणासाठी कपिकच्छू देताना कुटुंबात किंवा रुग्णात भास-विभ्रमाचा विकार आहे का, हे म्हणूनच विचारले पाहिजे.

वैद्य आणि औषध विक्रेत्यांसाठी

वरील विवेचनातून नित्य पाळावयाचे काही नियम असे सुचतात.

१) वत्सनाभ, धत्तूर आणि कुचला ही द्रव्ये औषधे नियमावलीच्या ई-१ परिशिष्टातील विषद्रव्यांच्या यादीत आहेत. ती असलेल्या पोटात घेण्याच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याविषयीची सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे बंधनकारक आहे. अशी सूचना नसलेला माल दुकानात ठेवू नये आणि सूचना असलेला माल चिठ्ठीविना हातावर ठेवू नये.

२) सर्पगंधा आणि कपिकच्छू या यादीत नाहीत. याचा अर्थ ती वाटेल तशी विकावी असा नव्हे. किंबहुना यादीबाहेर असल्यामुळेच येथे विक्रेत्याच्या विवेकाची अधिक गरज आहे.

३) चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे रुग्णाला सोबत आणावयास सांगावे. ‘बीपीची गोळी’, ‘नसांची गोळी’ एवढ्या माहितीवर विसंबू नये. कंपवात, अपस्मार, विषण्णता, काचबिंदू, पौरुषग्रंथी आणि स्मृतिभ्रंश ही सहा नावे केसपेपरावर स्वतंत्र रकान्यात असावीत.

४) अपस्मार, कंपवात व मनोविकार यांची चालू असलेली आधुनिक औषधे आपल्या सांगण्यावरून एकाएकी बंद होऊ नयेत. बदल करावयाचा तर त्या तज्ज्ञाशी बोलून, क्रमाने.

५) मुंग्या येणे, तोंड फार कोरडे पडणे, अकारण दचकणे, चेहरा निर्विकार होणे, अनावर हालचाली ही पाच लक्षणे अनुक्रमे वरील पाच द्रव्यांची पूर्वसूचना समजावीत. विक्रेत्याच्या कानावर ती प्रथम पडतात. त्याने ती वैद्यापर्यंत पोहोचवावीत.

६) अपाय घडल्यास खेप क्रमांकासह नोंद करून औषधी दुष्परिणामांच्या नोंदणी केंद्रास कळवावे. आयुष औषधांसाठी अशी देशव्यापी व्यवस्था अस्तित्वात आहे. नोंद करणे म्हणजे आपल्याच शास्त्राविरुद्ध साक्ष देणे, ही भीती निराधार आहे.

समारोप

एखाद्या द्रव्याचे कार्यस्थान कळले म्हणून त्याचे रस, गुण, वीर्य, विपाक निरर्थक ठरत नाहीत. त्याचप्रमाणे ते परंपरेने आलेले आहे म्हणून सोडियमच्या दारावरचा त्याचा परिणाम टळत नाही. आपल्या आचार्यांनी या पाचांपैकी तिघांना विष वा उपविष म्हटले, त्यांवर शोधनसंस्कार सांगितले, मात्रा रती-गुंजांत मोजली. त्यांना चेतापेशी दिसली नव्हती. परंतु या द्रव्यांचे सामर्थ्य आणि धोका दोन्ही त्यांनी अचूक ओळखले होते. आज आपल्याला कारणही ठाऊक आहे, त्यामुळे आपली जबाबदारी त्यांच्याहून अधिक आहे. सुजाण वैद्यबंधू-भगिनींनी आणि औषध विक्रेत्यांनी ही उजळणी आपल्या नित्य व्यवहारात उतरवावी, एवढीच विनंती.